सव्वासहाच्या अंधारात शाळेला निघालेल्या सायकली

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण निफाड तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या मंडळींनी, त्यातही ज्यांची पोरं सकाळच्या शाळेला सायकलवर जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

गेल्या गुरुवारी सकाळी माझ्या गाडीखाली शाळेतली एक मुलगी येता येता वाचली.

रोजच्यासारखा सव्वासहाला मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून डेअरीवर दूध घालायला निघालो होतो. पाटाच्या कडेचा रस्ता. धुकं होतं. अगदी दाट नाही, पण हेडलाइटचा उजेड पुढे जाऊन पांढरा होऊन परत डोळ्यावर येतो, तसं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. एकच दिवा चालू, तोही थेट डोळ्यात मारणारा. मी डोळे बारीक करून गाडी डावीकडे घेतली. ट्रॅक्टर बाजूने जातो न जातो तोच समोर काळी आकृती. ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं, एका कॅनचं झाकण उडालं. माझं हॅण्डल तिच्या कॅरिअरला घासून गेलं आणि ती सायकलसकट साइडपट्टीवरून खाली बाभळीत.

नववीतली पोरगी. गुडघा खरचटला, तळहातात काटे गेले. बाकी देवाच्या कृपेने काही नाही. उठली तशी आधी सायकलचं हॅण्डल वाकडं झालंय का ते बघायला लागली. मग मला म्हणाली, "काका, मला उशीर होईल. सात वीसला प्रार्थना असते."

मी तिच्यावर ओरडणारच होतो. दिवा का नाही लावला, कडेनं का नाही चालत, असं सगळं तोंडावर आलं होतं. पण तिच्याकडे नीट बघितलं आणि गप्प बसलो. अंगात शाळेचा गडद निळा स्वेटर, त्यावर आईची तपकिरी शाल. शाल मागे कॅरिअरवरून लोंबत होती. कॅरिअरला दप्तर. मागे रिफ्लेक्टर असता तरी दिसला नसता, आणि तो तर नव्हताच. कडेनं चालायचं म्हटलं तर डांबर संपतं तिथे चांगला वीतभर खड्डा. तिने कुठून चालायचं होतं?

कॅन चहाच्या टपरीवर ठेवले, तिला शाळेत सोडलं आणि सायकल दुरुस्तीला घेऊन गेलो. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आईवडील दोघंही द्राक्षबागेत मजुरीला. झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "दहावी होऊ द्या भाऊ, मग बास. रोज जीव टांगणीला लावून कुठवर पाठवायची?"

या वाक्यामुळे मी ही पोस्ट चार दिवस लिहिली नाही. कारण आपल्याकडे काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. रस्ता धोक्याचा आहे असं आपण ओरडायला लागलो की रस्ता कोणी सुधारत नाही, पोरीची शाळा बंद होते. म्हणून आधीच स्पष्ट लिहितो. सायकल धोक्याची नाही. पोरीने सायकलवर शाळेत जाणं ही आपल्या तालुक्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. धोका आहे तो अंधाराचा, नादुरुस्त सायकलचा, बिनारिफ्लेक्टरच्या ट्रॉलीचा आणि शाळेच्या घड्याळाचा. या चारही गोष्टी बदलता येतात आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

आधी सायकलचं बघू

दुरुस्तीवाले चाचा चाळीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी सायकल उलटी करून चाक फिरवलं आणि म्हणाले, "ही पोरगी रोज ब्रेक लावूनच सायकल चालवते." म्हणजे चाक आऊट झालेलं होतं आणि एका बाजूला ब्रेकच्या रबराला घासत होतं. पुढच्या ब्रेकची रबरं झिजून पत्रा दिसायला लागला होता. चेन पावसाळ्यात गंजलेली, त्यानंतर तेलाचा थेंब नाही. दोन्ही चाकांत हवा निम्मी. सीट एवढी खाली की गुडघे हॅण्डलपर्यंत यायचे. बेल मुकी.

हे वाचून कोणी आईबापांना नावं ठेवू नका. आपापल्या घरची सायकल एकदा बघून या, मग बोला. मी परवा शाळेच्या सायकल स्टॅण्डमध्ये एक चक्कर मारली. निम्म्याहून जास्त सायकलींचा मागचा रिफ्लेक्टर तुटलेला किंवा गायब होता. दिवा एकाही सायकलला नव्हता.

थंडीत सायकल जड जाते, असं पोरं म्हणतात ते खोटं नाही. त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण हवा. गार झाली की हवा आकसते. दुपारी तीस अंशांत ६० पौंड भरलेली हवा पहाटे दहा अंशांवर ५५ च्या आसपास येते. त्यात व्हॉल्व्हवरची रबरी नळी, आपण वॉलट्यूब म्हणतो ती, जुनी होऊन चिरली असेल तर रोज थोडी थोडी गळतच असते. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, पण कोणी बदलत नाही. चाक मऊ असलं की तेवढ्याच अंतराला जास्त दम लागतो, आणि खड्ड्यात रिंग आपटून पंक्चर होतं ते वेगळं. थंडीत आठवड्यातून एकदा हवा बघायलाच हवी.

दुसरं, वंगण. हबमध्ये आणि पायडलच्या कप्प्यात छर्रे असतात, त्यातलं जुनं ग्रीस मातीत मिसळून घट्ट झालेलं असतं. थंडीत ते आणखी आळतं. दिवाळीनंतर एकदा ओव्हरहॉलिंग करून घेतलं की मार्चपर्यंत बघावं लागत नाही. चेनला तेल मात्र महिन्यातून एकदा तरी द्या, आणि दिल्यावर फडक्याने पुसून घ्या. नाहीतर सगळी धूळ चिकटून काळा चिखल होतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. रात्रभर बाहेर उभ्या सायकलवर दव पडतं. आपल्या साध्या सायकलींच्या रिंगा लोखंडी असतात, त्यावर पाण्याचा थर असला की रबर धरत नाही, सायकल लांब जाऊन थांबते. घरातून निघाल्यावर पहिल्या पन्नास पावलांत दोन-तीनदा ब्रेक हलकेच दाबून सोडायचा. रिंग पुसली जाते, ब्रेक लागतोय का तेही कळतं. सायकल रात्री पडवीत किंवा गोणपाटाखाली ठेवली तर आणखी चांगलं.

चौथं, सीट. मोठं झालेलं पोर आणि सहावीत लावलेली सीट, असं बहुतेक ठिकाणी असतं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच बरोबर. फक्त थांबल्यावर चवडे जमिनीला टेकतात ना ते बघा. पोर नवशिकं असेल तर थोडी खाली चालेल.

पाचवं, बोटं. दहा अंश थंडीत ताशी पंधराच्या वेगाने सायकल चालवली की अंगाला ती थंडी आठ अंशांसारखी लागते. हात तर सगळ्यात पुढे. बोटं बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. साधे लोकरी हातमोजे ही चैनीची वस्तू नाही, ब्रेकचाच भाग आहे असं समजा. निफाडच्या थंडीबद्दल मी कोणाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा रोज पेपरात येतो आणि तो एक आकडी झाला की नाशिकचे लोक फोन करून आपल्याला विचारतात, जिवंत आहात का म्हणून.

आणि सहावं, शाल. शाल, ओढणी, मफलर, काहीही लोंबतं ठेवायचं नाही. चेनमध्ये जातं, चाकात जातं, आणि मागचा रिफ्लेक्टर झाकतं. शाल स्वेटरच्या आत. दप्तर पाठीवर. बाहेरून शक्य तेवढं पांढरं किंवा पिवळं काहीतरी. जुना पांढरा शर्ट वरून घातला तरी चालेल.

चाचांचं बिल झालं २८० रुपये. त्यात रबरं, ऑइलिंग, चाकाचा आऊट काढणं, वॉलट्यूब आणि मागचा लुकलुकणारा तांबडा दिवा. पूर्वी डायनॅमो असायचा. टायरला घासून चालायचा, सायकल जड करायचा, आणि थांबलं की विझायचा. पण होता. जुनी माणसं सांगतात की सायकलला दिवा नसला तर पोलीस दंड करायचे, म्हणून लोक हातात कंदील धरून जायचे. आता शंभर-दीडशे रुपयांत बॅटरीचा दिवा मिळतो, तर कोणी लावत नाही आणि कोणी विचारतही नाही.

दिवा का, त्याचा हिशेब

मी त्या सकाळी फार वेगात होतो का, असं मला माझ्या भावाने विचारलं. ताशी पन्नास असेन. आपल्याला पन्नास म्हणजे हळूच वाटतं. पण पन्नासच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. समोर काही दिसलं, ते डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद सहज जातो. मग ब्रेक लागून थांबायला आणखी तेवढंच अंतर. म्हणजे किमान तीस मीटर. आणि डिप लाइटमध्ये गडद कपड्यातला माणूस वीस-पंचवीस मीटरवर आल्यावरच नीट दिसतो. धुकं असेल, समोरून लाइट डोळ्यात येत असेल तर त्याहून कमी.

आता सांगा, मी कितीही चांगला ड्रायव्हर असलो तरी हे गणित जमणार कसं? धुक्यात पन्नासने जाणं ही माझी चूक होती, ती मी कबूल करतो. त्या दिवसापासून तीसच्या वर जात नाही, डेअरीवर दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल. पण रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवाल्याला अशी सुबुद्धी सुचेल यावर आपण पोरींचा जीव ठेवू शकत नाही. तांबडा दिवा लांबूनच दिसतो. मोटरसायकलवाल्याला तो पुरेसा वेळ देतो.

आपल्या नाशिकला सायकलींची नवलाई नाही. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेतली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, अभिमान वाटला, वाटायलाच हवा. आता त्या खेळातले नियम बघा. त्या शर्यतीत रात्री सायकलस्वाराच्या मागे गाडी असावीच लागते. आपल्याकडे हौशी लोक दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेवे राइड करतात, त्यात रात्री पुढे-मागे दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं. म्हणजे हौसेने सायकल चालवणाऱ्या मोठ्या माणसाला आपण दिव्याशिवाय रस्त्यावर येऊ देत नाही. आणि गरजेने सायकल चालवणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीला रोज येऊ देतो.

पेपर टाकणारी पोरं, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन, बागेत कामाला जाणारे मजूर, सगळ्यांचं हेच. हे लोक कधी सायकल रॅलीत दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना कोणी सायकलस्वार म्हणत नाही.

सरकारी बाजूही सांगतो. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. ते आधी ३,५०० होतं, २०२२ मध्ये ५,००० झालं. योजना उत्तम आहे, तिच्यामुळे कितीतरी पोरी शिकल्या. बाकी ठिकाणी संस्था, पुढारी, कंपन्या सायकली वाटतात. फोटो येतात, तेही ठीक आहे. पण सायकल दिली की विषय संपला असं सगळे धरतात. दिवा त्यात नसतो. दोन वर्षांनी रबरं झिजणार, त्याचं काय, हे कोणी विचारत नाही. सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला आहे. पण तो नव्या सायकलींसाठी. आपल्या स्टॅण्डमधल्या सायकलींना तो लागू होत नाही, तिथे आपल्यालाच बघावं लागणार.

आता शाळेच्या घड्याळाचं

हा सगळ्यात नाजूक विषय आहे. मी शिक्षकांच्या विरोधात लिहीत नाही, हे आधी सांगतो.

आपल्याला वाटतं बावीस डिसेंबरला सगळ्यात छोटा दिवस, म्हणजे त्यानंतर सकाळ लवकर होत जाते. तसं नसतं. संध्याकाळ लांबत जाते, पण सकाळी सूर्य उगवायला जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशीरच होत जातो. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास सूर्योदय सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतो. झुंजुमुंजू होतं ते पावणेसातला. मग सव्वासहाला घरातून निघणारी पोरगी जवळजवळ सगळा रस्ता काळोखात चालते. आणि ख्रिसमसची सुट्टी संपून शाळा सुरू होतात त्या नेमक्या याच दिवसांत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने निर्णय काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप होत नाही, हे कारण. निर्णय चांगलाच आहे. पण जरा विचार करा. चौथीपर्यंतचं पोर शाळेत कसं जातं? गावातली शाळा असेल तर चालत, नाहीतर व्हॅनने, नाहीतर बापाच्या गाडीवर. एकटं सायकल काढून चार-पाच किलोमीटर दुसऱ्या गावाला जायला पोर लागतं ते पाचवीनंतर. म्हणजे अंधारात रस्त्यावर जी पोरं एकटी असतात, नेमकी तीच या निर्णयाच्या बाहेर राहिली.

मी मुख्याध्यापकांना भेटलो. सज्जन माणूस. ते म्हणाले, "आमच्याकडे खोल्या कमी, दोन सत्रं चालवावी लागतात. सकाळचं सत्र चाळीस मिनिटं पुढे ढकललं तर दुपारचं सत्र सहाच्या पुढे जाईल. मग तिकडची पोरं अंधारात घरी जातील. एकाचा अंधार काढून दुसऱ्याला देऊ का?"

मुद्दा खरा आहे. डिसेंबरात सहाला सूर्य मावळलेला असतो. मला तिथे लगेच उत्तर सुचलं नाही. घरी येऊन कागदावर मांडलं. सकाळच्या सत्रात आठ तास असतात. प्रत्येक तास पाच मिनिटांनी कमी केला तर चाळीस मिनिटं वाचतात. म्हणजे सात वीसच्या ऐवजी आठला शाळा भरेल आणि सुटेल ती रोजच्याच वेळेला. दुपारच्या सत्राला धक्का नाही. हे वर्षभर नको. पंधरा डिसेंबर ते एकतीस जानेवारी, एवढंच. सुट्ट्या वजा जाता साधारण पस्तीस दिवस.

अभ्यास बुडेल, हा प्रश्न येणार. रोज चाळीस मिनिटं म्हणजे पस्तीस दिवसांत तेवीस-चोवीस घड्याळी तास. कमी नाहीत. पण जूनमध्ये आपल्याकडे सहाच्या आधीच उजाडतं. तेव्हा शाळा रोज दहा-पंधरा मिनिटं आधी भरवून यातले काही तास भरून काढता येतात. शिवाय याच डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि क्रीडा महोत्सवात किती तास जातात, ते आपण कोणी मोजत नाही. नाचाच्या तालमीसाठी वेळापत्रक हलतं, तर हेही हलेल.

आणि ज्या शाळा एकाच सत्रात, अकरा ते पाच भरतात, त्यांचीही शनिवारची सकाळची शाळा असतेच. तिथे तर खोल्यांचा प्रश्नच नाही. दीड महिना शनिवारची शाळा आठला भरवायला कोणाची हरकत असावी, मला खरंच कळत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्या सरांची बस चुकते असं कोणी म्हणेल, पण बस सकाळी आठलाही असते.

ट्रॉली, रस्ता आणि मी

त्या दिवशी समोरच्या ट्रॅक्टरचा एक दिवा बंद होता. ट्रॉलीला मागे काय होतं, मी बघितलं नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या शेतातूनही ऊस गेला. त्या ट्रॉलीला मागे काय होतं, तेही मी बघितलं नाही. मला घाई होती तोड उरकायची. रिफ्लेक्टर लावला असेल तरी मागून उसाची वाढं लोंबून तो झाकला जातो, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आपण सगळे शेतकरी आहोत. ट्रॉली भरून झाली की शेताच्या बांधावर उभं राहून मागे एकदा बघायचं, वाढं तोडायची, रिफ्लेक्टर फडक्याने पुसायचा, आणि नसेल तर ट्रॉली हलू द्यायची नाही. एवढं आपल्या हातात आहे. दरवर्षी गाळप सुरू झाल्यावर ट्रॉलींना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, तिची बातमी येते. पण जानेवारीत ते टिकलेत का हे बघणारी मोहीम मी अजून ऐकली नाही.

रस्त्याचंही तेच. डांबराचा नवा थर टाकला की रस्ता उंच होतो, आणि साइडपट्ट्या भरायच्या राहून जातात. मोठ्या गाडीला फरक पडत नाही. सायकलवाल्याला मात्र खाली उतरायची सोयच उरत नाही. उतरला तर पडतो, न उतरावं तर मागून गाडी. त्यात वेड्या बाभळी डांबरापर्यंत आलेल्या. कडेला पांढरा पट्टा मारला तर धुक्यात सायकलवाल्यालाही आणि गाडीवाल्यालाही रस्ता कुठे संपतो ते कळतं.

करायचं काय

नुसती चर्चा नको म्हणून चार कामं लिहितो.

एक. या रविवारी घरातली सायकल बाहेर काढा. हवा, ब्रेक, चेन, सीट, मागचा रिफ्लेक्टर. मी आणि चाचा सकाळी नऊ ते बारा मारुती मंदिरासमोर बसणार आहोत. ज्यांना आणायची त्यांनी आणा. मजुरी नाही, फक्त सामानाचे पैसे. ज्याला तेही जमणार नाही त्याने मला बाजूला घेऊन सांगावं.

दोन. शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघात जे आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीच्या वेळेचा अर्ज सोमवारीच द्या. निदान शनिवारची शाळा तरी आठला करून घ्या. ते या आठवड्यातही होऊ शकतं.

तीन. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून गावातल्या सायकलवर शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला मागचा तांबडा दिवा आणि रिफ्लेक्टर द्यावा, असा ठराव मी मांडणार आहे. पन्नास पोरं धरली आणि दीडशेचा दिवा धरला तर साडेसात हजार होतात. एका सत्काराच्या हारतुऱ्यांचा खर्च याहून जास्त असतो. बाभळी काढणं आणि साइडपट्ट्या भरण्याची मागणी त्याच ठरावात घालू. ठरावाला सह्या आणि सभेला माणसं पाहिजेत. दर वेळेसारखी कोरमअभावी तहकूब होऊ देऊ नका.

चार. उसाची ट्रॉली. वर लिहिलंच आहे.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा पोरींसाठी एसटी मागा. मागूच. पण एसटी गावात येईपर्यंत पोरी सायकलवरच जाणार आहेत. आणि एसटी आली तरी ज्यांना सायकलवर जायचंय त्यांनी जावं. स्वतःच्या पायाने, स्वतःच्या वेळेला, कोणाच्या मागे न बसता पोरगी शाळेत जाते, ही चांगली सवय आहे. ती मोडायला नको.

त्या पोरीची सायकल मी शुक्रवारी परत दिली. शनिवारी सकाळी दूध घालायला निघालो तेव्हा पाटाच्या वळणावर लांबूनच तांबडा दिवा लुकलुकताना दिसला. गाडी हळू केली, बेल ऐकू आली. तिच्या मागे आणखी दोन सायकली होत्या. त्यांना दिवा नव्हता. त्या दोघी तिच्या मागेच का चालत होत्या ते मला नंतर कळलं. गाड्यांना पुढचा दिवा दिसतो, म्हणून त्या तिच्या अगदी जवळून चालतात.

तिच्या आईला मी सांगून आलोय, दहावीनंतरचं आत्ताच ठरवू नका, ग्रामसभेपर्यंत तरी थांबा. आता तिथे मी एकटा उभा राहिलो तर ती माउली मला काय म्हणेल, ते तुम्हीच ठरवा.

अर्जाचा आणि ठरावाचा मसुदा खाली कमेंटमध्ये टाकतो. कॉपी करा, गावाचं नाव बदला आणि वापरा. माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.